मॅली कोंबड्याचे तेहतीस अंश

ग्नाडेनताल, १२ नोव्हेंबर १९७८

प्रिय राइनी,

माझं अक्षर बघून चष्मा पुसला असशील. नीट पूस आणि बस. मी मेलेले नाही, आजारी नाही. दर नाताळाला कार्डावर दोन ओळी खरडणारी तुझी थोरली बहीण आज चक्क पानं भरतेय, त्याला कारण आहे.

आपलं चर्च बंद होतंय. रविवारी आम्ही अकरा जण असतो. त्यातला म्हातारा नोस्के ठार बहिरा, आणि त्याची बायको एर्ना फक्त माझ्या पायपेटीतल्या चुका मोजायला येते. पाळक क्लाइनिग चार गावांत मिळून एक, तो महिन्यातून एकदा उगवतो. वरून निरोप आलाय की २५ फेब्रुवारीला सुगीची उपकारस्तुती होईल, ती शेवटची. मग कुलूप.

तर तू यायचंस आणि पुढच्या बाकावर, पपा जिथून प्रवचन द्यायचे त्या पुलपिटासमोर बसायचंस.

लगेच मान हलवू नकोस. तू काय म्हणाला होतास ते मला पाठ आहे, कारण तेव्हा बटाट्यांचं भांडं माझ्याच हातात होतं. 'देव आहे याचा एक पुरावा दाखवा पपा, त्या दिवशी चर्चचा उंबरठा ओलांडीन.' त्याला सव्वीस वर्षं झाली. पपांच्या अंत्यविधीलासुद्धा तू बाहेर पावसाच्या पाण्याच्या टाकीपाशी हॅट हातात धरून उभा राहिलास, आत आला नाहीस. एवढा हट्टी माणूस आपल्या घराण्यात मी सोडून दुसरा नाही.

म्हणून मी पुरावा शोधलाय. तो चर्चमागच्या रानात राहतो आणि त्याला पिसं आहेत.

त्या रानटी मॅली कोंबड्याचा वाळूचा ढिगारा आठवतो? त्यावरून घसरगुंडी केल्याबद्दल तुला मार बसला होता. तो अजून तिथेच आहे, खोलीएवढा रुंद. कोंबडी येते, वाळूत अंडं घालते आणि चालू लागते. आत पालापाचोळा कुजून ऊब धरतो आणि कोंबडा बिचारा महिनोन्‌महिने ती ऊब राखत बसतो. सकाळी उकरतो, वाळू चोचीत घेऊन चाखतो, गार लागली तर झाकतो, तापली तर उघडतो. माझा ऑगस्ट, देव त्याला शांती देवो, असंच सूप चाखायचा आणि मग मीठ कमी म्हणायचा. म्हणून कोंबड्याचं नाव मी ऑगस्ट ठेवलंय. ढिगाऱ्याच्या आत कायम तेहतीस अंश. ना शाळा, ना थर्मामीटर. मग शिकवलं कुणी?

तीन आठवडे रोज मोजायचं. तेहतीस अंश, अर्धा इकडे अर्धा तिकडे चालेल. तसं निघालं तर तू येतोस. ही पैज नाही, आपल्याकडे पैज लावत नाहीत. ही कसोटी. देवाची परीक्षा पाहू नये हे मलाही ठाऊक आहे, पण मी देवाची नाही, कोंबड्याची पाहतेय.

एक चांगला थर्मामीटर पाठव.

तुझी ताई,
हुल्डा


ॲडलेड, २० नोव्हेंबर १९७८

प्रिय हुल्डाताई,

बटाट्यांचं नव्हे, लाल कोबीचं भांडं होतं, आणि ते तू माझ्या मांडीवर सांडलंस. बाकी तुझी साक्ष ग्राह्य.

तुझा पुरावा मात्र पुरावा नाही. समज, कधीकाळी हजारो कोंबडे होते. काहींना अठ्ठावीस अंश बरे वाटत, काहींना चाळीस. त्यांची अंडी नासली, विषय संपला. ज्यांना तेहतीस बरे वाटले त्यांची पिल्लं जगली, आणि त्या पिल्लांनाही तेहतीसच बरे वाटले. हे असं लाखो वर्षं चाललं, आणि मग हुल्डाताई रानात जाऊन विचारतात, शिकवलं कुणी? कुणीही नाही. नापास झालेले उरले नाहीत, एवढंच. मी चौतीस वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, मला ही पद्धत फार सोयीची झाली असती.

तरीही कसोटी मान्य. उघड्या रानात, जानेवारीच्या उन्हात, अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडू न देणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. तू हरणार आणि मी घरी बसून टोमॅटोला पाणी घालणार.

अट एकच. रोज सकाळी सात वाजता हातभर खोल मोजायचं आणि आकडा दिसेल तसा लिहायचा.

थर्मामीटर लोकरीच्या मोज्यात गुंडाळून पाठवतोय. तो खरं म्हणजे शाळेचा आहे, तेव्हा फोडू नकोस. आणि एक शंका, तेहतीस हा आकडा तुला कुणी सांगितला?

राइनहोल्ट


ग्नाडेनताल, ३ डिसेंबर १९७८

प्रिय राइनी,

तुझा थर्मामीटर ऑगस्टला आवडलेला नाही. पहिल्या दिवशी मी खोचला, दुसऱ्या दिवशी तो दहा पावलांवर झुडपात सापडला. पुन्हा खोचला. मी अजून गुडघ्यांवरून उठतेय तोवर हा आला, दोन्ही पायांनी वाळू मागे फेकली ती सरळ माझ्या तोंडावर, आणि थर्मामीटर उपटून बाजूला ठेवला. ठेवला म्हणजे अगदी नीट ठेवला. आपल्या जागेवर दुसऱ्याची वस्तू आली की ऑगस्ट असाच करायचा. आता तो मेला आणि पाळतीवर हा बसलाय.

तुझी नापासांची शाळा वाचली. हजार नापास करून एक पास काढायचा, तोही लाखो वर्षं न कंटाळता? असा चिकाटीचा मास्तर मला तरी एकच माहीत आहे.

आणि हे ऐक. परवा एक पिल्लू वर आलं. दीड हात वाळू स्वतः उकरून बाहेर पडलं, धापा टाकत पडून राहिलं, मग उठून झुडपात पळालं. बाप चार पावलांवर उकरत होता. पिल्लाने बापाकडे बघितलं नाही, बापाने पिल्लाकडे नाही. त्या पिल्लाला विचारलं असतं तर म्हणालं असतं, ढिगारा आपला आपणच झाला, ऊब आपली आपणच आली, मी आलो ते माझ्या पायांनी. मला तुझीच आठवण झाली.

तेहतीसचा आकडा एका भरवशाच्या माणसाने सांगितला. जास्त चौकशा नकोत.

हुल्डा


ॲडलेड, १४ डिसेंबर १९७८

ताई,

तुझं पिल्लू मला लागलं. त्याला माझं उत्तर हे. त्या ढिगाऱ्यातून दुसरं एक पिल्लू निघतं. ते म्हणतं, बाप आहेच, तो वर राहतो, त्याला अमुक गाणं आवडतं, आणि लाल कोबी खाताना जो वाद घालतो त्याच्यावर तो रागावतो. या पिल्लाने तरी बाप कुठे पाहिलाय?

पण ते राहू दे. मी लायब्ररीत गेलो होतो. फक्त तुझं खोडून काढायला गेलो होतो, पण सकाळी दहाला बसलो तो ते दिवे मालवायला लागले तेव्हा उठलो. ताई, काय पक्षी आहे हा. वसंतात कुजणाऱ्या पाल्याची ऊब जास्त होते म्हणून तो ढिगारा उघडून वाफ जाऊ देतो. ऐन उन्हाळ्यात ऊन आत शिरू नये म्हणून वरून मातीचा थर वाढवतो. शरदात पाला थंडावला की दुपारी वाळू पसरून तापवतो आणि पुन्हा आत लोटतो. म्हणजे तीन ऋतूंना तीन युक्त्या. कुणा संशोधकाने एका ढिगाऱ्यात चक्क विजेची शेगडी पुरली आणि मनाला येईल तेव्हा चालू-बंद केली. कोंबडा दमला, चिडला, पण त्याने ऊब सांभाळली. हे वाचून मी 'शाब्बास' म्हणालो. मोठ्याने म्हणालो असणार, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले.

यावरून देव सिद्ध होत नाही. पण थर्मामीटर सरळ खोचू नकोस. लोखंडी नळीचा तुकडा ढिगाऱ्यात कायमचा रोव आणि थर्मामीटर दोरीने नळीत सोड. नळीची त्याला सवय होईल. पायात बूट घाल, साप असतात. पहिल्या जानेवारीपासून सुरू कर.

आणि पुढच्या वेळी पिल्लू निघालं तर ते किती मिनिटं धापा टाकत पडून राहिलं ते लिही.

राइनहोल्ट


ग्नाडेनताल, २१ जानेवारी १९७९

प्रिय राइनहोल्ट,

कसोटी आज पूर्ण झाली. एक जानेवारी ते एकवीस जानेवारी, रोज सकाळी सात वाजता, नळीतून, तू सांगितलंस तसं. निकाल: एकवीसही दिवस तेहतीस अंश. दोनदा फक्त पाव अंश वर. आकड्यांचा कागद सोबत.

तेव्हा पंचवीस फेब्रुवारी. बस शुक्रवारी येते. पुढचा बाक पुसून ठेवते.

इकडे सर्व ठीक. ऊन फार.

हुल्डा


ॲडलेड, २६ जानेवारी १९७९

प्रिय हुल्डाताई,

आकडे मिळाले. हरलो. येतो.

राइनहोल्ट


ग्नाडेनताल, २ फेब्रुवारी १९७९

राइनी,

येऊ नकोस.

तुझं ते चार शब्दांचं उत्तर मी तीन दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय. तू वाद घातला असतास तर मला झोप लागली असती. आकडे खोटे आहेत. सगळे. मी स्वयंपाकघरात कॉफी पीत एका बैठकीत लिहिले.

आता खरं काय झालं ते ऐक. पहिल्या आठवड्यात तो एकतीस, पस्तीस, बत्तीस, चौतीस असा भरकटत राहिला. मी त्याला समजावलं, ओरडले, एकदा त्याच्यासाठी प्रार्थनाही केली. सात तारखेला उष्म्याने कहर केला. सकाळी सातलाच नळीत छत्तीस. म्हटलं, हा मला हरवणार. म्हणून घरात गेले आणि ममाची अंत्यविधीची काळी छत्री आणून ढिगाऱ्यावर धरून उभी राहिले. दोन तास. ऑगस्ट वरून मातीचा थर चढवत होता, त्यातली निम्मी माझ्या बुटांत. तेवढ्यात एर्ना नोस्के अंडी द्यायला आली. तिने विचारलं, 'हुल्डा, काय करतेयस?' मी म्हटलं, 'सावली.' ती आल्या पावली परत गेली. दुपारपर्यंत सगळ्या दहा जणांना कळलं की हुल्डाला ऊन लागलंय. पाळक क्लाइनिगने शहाऐंशी किलोमीटरवरून फोन करून माझं नाव, वय आणि वार विचारला.

त्याच गडबडीत मी खाली बसले ती तुझ्या थर्मामीटरवर. त्याबद्दल शाळेची माफी माग. त्यानंतर ममाचा, लोणी घुसळताना सायीची ऊब बघायचा जुना थर्मामीटर वापरला, त्याचेही आकडे नाचतच होते.

आणि एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली, ती यापेक्षा मोठी आहे. नोव्हेंबरमध्ये पुलपिटाखालचं कपाट रिकामं केलं, त्यात स्तोत्रांच्या पुस्तकांमागे पपांची एक वही सापडली. वर लिहिलंय, 'कोंबडा, १९५२–५३.' तू घर सोडून गेलास त्याच साली पपांनी ममाचा हाच थर्मामीटर उचलला आणि तीन महिने रोज त्या ढिगाऱ्यावर गेले. आम्हाला वाटायचं, प्रवचन पाठ करायला जातात. मला तेहतीसचा आकडा तिथूनच मिळाला. जुन्या मापात, फॅरनहाइटमध्ये ब्याण्णव अंश, असं त्यांनी आरंभी लिहून ठेवलंय. त्यांनाही कुठूनतरी कळलं असणार.

पण खालचे आकडे ब्याण्णव नाहीत रे. नव्वद, पंच्याण्णव, एक्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. एकही आकडा खोडलेला नाही. शेवटच्या पानावर एवढंच: '१५ फेब्रुवारी १९५३. आज पाच अंश चुकला. पुरावा म्हणून पाठवण्यासारखं काही नाही. पण हा पक्षी राइनहोल्टला दाखवायला हवा होता.'

मला वाटलं, पपांनी खरे आकडे लिहिले म्हणून पुरावा गेला नाही आणि तू आला नाहीस, मग मी थोडी मदत केली म्हणून काय बिघडलं? आता वाटतं की फार बिघडलं. वही सोबत पाठवतेय. तुझी आहे.

एवढीच इच्छा होती की शेवटचं स्तोत्र वाजवताना पुढच्या बाकावर आपलं कुणीतरी असावं. ते जाऊ दे आता.

हुल्डा


ॲडलेड, ९ फेब्रुवारी १९७९

ताई,

चौतीस वर्षं मी प्रयोगवह्या तपासल्या. एकवीस दिवसांचे आकडे एकाच पेनाने, एकाच तिरक्या ओळीत, कॉफीच्या एकाच डागाखाली! सात जानेवारीला ॲडलेडमध्ये रस्त्याचं डांबर वितळलं आणि तुझ्या कागदावर तेहतीस. खरा आकडा इतका शहाण्यासारखा कधीच वागत नाही. माझ्या वर्गात तुला शून्य मिळालं असतं आणि वर आईवडिलांना चिठ्ठी.

तरी मी 'हरलो, येतो' लिहिलं, कारण मला यायचंच होतं. डिसेंबरपासून. मला हरायचं होतं आणि तो गाढव कोंबडा मला हरवेल याचा भरवसा नव्हता. तू हरवलंस, बरं वाटलं. आता तू कबुली देऊन सगळा घोटाळा केलास.

मग वही उघडली. स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचली. मग बसलो. टोमॅटोला त्या दिवशी पाणी मिळालं नाही.

ताई, हे आकडे उत्तम आहेत, पपांचेही आणि तुझे खरेखुरेही. कायम तेहतीस निघाले असते तर मी म्हटलं असतं, ठीक आहे, यंत्र आहे. पण हा चुकतो. सकाळी चुकतो, चाखतो, दुपारपर्यंत भरून काढतो. यामागे कुणी आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही. मी तुझ्यासमोर खोटं बोलणार नाही, एका घरात एक बास झाला.

पण मी पपांना म्हणालो होतो, पुरावा आणा. मला वाटत होतं की ते ऐकून त्यांनी फक्त ताटावरची प्रार्थना म्हटली आणि मला सोडून दिलं. मी टाकीपाशी उभा होतो तेव्हाही हेच वाटत होतं. आणि हा माणूस तर लोण्याचा थर्मामीटर घेऊन तीन महिने रानात गुडघे टेकत होता. माझ्यासाठी. आणि जे निघालं ते त्याच्याच विरुद्ध निघालं, तरी त्याने एक आकडा बदलला नाही. असल्या माणसाच्या चर्चमध्ये मला बसायला हरकत नाही.

शुक्रवारच्या बसने येतोय. गाणार मात्र नाही. आणि ती छत्री ठेव, मला लागेल.

राइनी


ग्नाडेनताल, २ मार्च १९७९

प्रिय राइनी,

घर एकदम रिकामं झालंय. दोन दिवसांसाठी आलास आणि सहा दिवस राहिलास, अन्‌ त्यातले चार एका मातीच्या ढिगाऱ्यापाशी. घडीच्या खुर्चीवर, छत्री लावून. एर्ना दोनदा कुंपणापर्यंत येऊन गेली. आता ती म्हणते की हे आमच्या रक्तातच आहे.

पहिली गोष्ट. तू गायलास. नाही म्हणू नकोस. शेवटच्या स्तोत्राच्या चौथ्या कडव्याला. माझी पाठ तुझ्याकडे होती, पण लहानपणापासून तू वरच्या सुराला जरा खाली उतरतोस, ते मला कळणार नाही? नोस्के होता म्हणशील, तर नोस्के तेव्हा तिसऱ्या कडव्यावर होता. मी पुढे दोन चुका केल्या, त्या एर्नाने मोजल्या, आणि मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.

दुसरी गोष्ट. सोमवारी पिल्लू आलं तेव्हा तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी दिलं नाही. ते वाळूत धापा टाकत पडलं होतं (सतरा मिनिटं, तूच मोजलीस) आणि पलीकडे ऑगस्ट आपला उकरत होता. तू हळूच विचारलंस, 'याला ठाऊक असेल का गं, की हे आपलं आहे?' मी सँडविचचा डबा उघडत बसले. अजूनही मला माहीत नाही. पण उकरणं त्याने थांबवलं नव्हतं, एवढं मी पाहिलं.

तिसरी गोष्ट, पपांची वही. तू येताना आणलीस, टेबलावर ठेवलीस, आणि आता ती नाही. चर्चला कुलूप लागलं, तिथे नाही. एर्नावर माझा संशय आहे. तुझ्या बॅगेत चुकून गेली का ते बघ.

हुल्डा


ॲडलेड, ७ मार्च १९७९

प्रिय हुल्डाताई,

एर्नाची माफी माग. वही चुकून नाही, मुद्दाम आणली. काम झालं, म्हणून परत पाठवतोय.

नोंदवही अर्धवट सोडायची नसते, हे मी मुलांना दर वर्षी सांगायचो. पपांच्या शेवटच्या नोंदीखाली अर्धं पान कोरं होतं. सोमवारी तू सँडविच काढत होतीस तेव्हा मी ममाचा थर्मामीटर नळीत सोडला होता. आकडा जुन्याच मापात लिहिलाय, म्हणजे पपांच्या रकान्यात नीट बसेल. अक्षर हललंय, कारण परतीच्या बसमध्ये लिहिलं.

शेवटचं पान उघडून बघ:

'२६ फेब्रुवारी १९७९. एक्याण्णव अंश. पिल्लू वर आलं. पक्षी राइनहोल्टला दाखवला.'

राइनी